बालाघाटहून विमान किती वाजताचं धरावं?

"ताई, सकाळी सहा-दहाचं तिकीट मिळतंय. दुपारच्यापेक्षा बरंच स्वस्त. काढून टाकू का?"

पुण्याहून आतेभावाचा फोन होता. संक्रांत झाल्यावर त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि वारासिवनीच्या आत्याला मी घेऊन यायचं, असं ठरलं होतं. आत्याचं वय ७६. विमानात कधी बसलेली नाही. फोन स्पीकरवर होता आणि ती शेजारीच सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं हात थांबवला आणि विचारलं, "म्हणजे घरून किती वाजता निंघाचं?"

तिकडून भाऊ काही बोलेना. मी बोटांवर हिशेब केला. बालाघाटहून नागपूरचा विमानतळ म्हणजे गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा या रस्त्यानं चार-साडेचार तास. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं. म्हणजे रात्री साडेअकराला घराला कुलूप. तिकिटावर जी मंगळवारची पहाट होती, ती आमच्या घरात सोमवारची रात्र होती. रात्रीची गोळी घेऊन झोपण्याच्या वेळेला आत्यानं पायात चपला सरकवायच्या होत्या.

"मले नाही जमत ना बाई रातच्याला," ती म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

बालाघाट हे गाव विमानाच्या बाबतीत मोठ्या विचित्र जागी वसलेलं आहे. जिल्ह्यात बैहरजवळ बिरव्याला धावपट्टी आहे, पण तिथून तिकीट काढून बसावं असं प्रवासी विमान नाही. गोंदियाचं बिरसी त्या मानानं हाकेच्या अंतरावर. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली ती धावपट्टी. २०२२ च्या मार्चमध्ये तिथून इंदूर आणि हैदराबादचं विमान सुरू झालं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटावेत असा आनंद झाला होता. काही महिन्यांत ते बंद पडलं. पुढे १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबाद-तिरुपतीची सेवा आली. पण पुण्या-मुंबईला जाणाऱ्या माणसाला फिरून फिरून नागपूरच गाठावं लागतं. पूर्वी निदान गोंदियापर्यंत सातपुड्याची छोटी गाडी होती. नॅरोगेजवर डुलत जायची, पण तिच्या वेळेला अख्ख्या गावाचं घड्याळ बांधलेलं होतं. आता मोठी लाइन आहे, गाड्याही आहेत, पण विमानाच्या वेळेशी त्यांचा मेळ बसेलच असं नाही. शेवटी गाडी करूनच जावं लागतं. त्यामुळे आम्हाला विमानाची वेळ निवडायची म्हणजे आधी रस्त्याची वेळ निवडावी लागते.

हे मला अनुभवानं कळलं आहे. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत असंच पहाटेचं स्वस्त तिकीट काढून मी रात्री बाराला निघाले होते. तिरोड्यापर्यंत ठीक होतं. पुढे धुकं असं उतरलं की बोनेटच्या पलीकडचं काही दिसेना. ड्रायव्हर भाऊनं एका ट्रकचा मागचा लाल दिवा धरला आणि त्याच्या मागोमाग वीसच्या वेगानं आम्ही सरकत राहिलो. एकदा त्या दिव्याच्या भरवशावर आम्ही ट्रकबरोबर राइस मिलच्या आवारातच शिरलो. ट्रक थांबला, आम्हीही थांबलो. भाऊ स्टिअरिंगवर कपाळ टेकून दोन मिनिटं नुसता बसला. मी त्याला थर्मासमधला चहा दिला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. एवढं करून वेळेवर पोचले, तर विमान साडेदहापर्यंत हललंच नाही. कारण तेच, धुकं. पहाटे पाचला घरून निघाले असते तरी ते विमान मिळालं असतं. दोन जिवांना रात्रभर धोक्यात घालून मी वाचवले होते ते थोडेसे पैसे. ती रात्र मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच आत्याच्या प्रश्नाला मला खरं उत्तर द्यायचं होतं.

भावाला मी म्हटलं, "दुपारी एकच्या सुमाराचं बघ."

जानेवारीतलं आमचं धुकं समजून घ्यायला हवामानखात्यात जावं लागत नाही, पहाटे दारात उभं राहिलं तरी पुरतं. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. जमीन गार पडते, तिला टेकलेली हवा गार पडते, आणि वरची हवा मात्र त्यामानानं उबदार राहते. खालची गार, जड हवा वर उठत नाही. उबदार थराचं झाकण बसतं. त्यात आमचा मुलूख धानाचा आणि तलावांचा, मधून वैनगंगा वाहणारी. ओलाव्याला तोटा नाही. झाकणाखाली तो ओलावा थिजतो आणि सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत, म्हणजे नऊ-दहापर्यंत, जागचा हलत नाही.

आम्ही सकाळी सहाला निघालो. आत्या आदल्या दिवशीच वैनगंगेचा पूल ओलांडून वारासिवनीहून आली होती. नेसलेली नऊवारी, अंगात मुलानं पाठवलेला स्वेटर, मांडीवर चिन्नोर तांदळाची पिशवी. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे तिला ठाऊक नाही. पण वास्तुशांतीचा भात चिन्नोरचाच व्हायला पाहिजे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पिशवी डिकीत ठेवू दिली नाही.

काली पुतली चौकात चहाच्या टपरीचा एकच दिवा होता. गाव मागे पडलं तसं धुकं दाट झालं, पण आज कुणालाच घाई नव्हती. ड्रायव्हर भाऊनं वेग चाळीसच्या वर नेला नाही. राजेगावच्या पुलावर वाघ नदी आली. इथं मध्य प्रदेश संपतो आणि महाराष्ट्र लागतो. पुलाखाली नदी नव्हतीच, नुसता पांढरा कापूस पिंजून पसरलेला. रावणवाडीपाशी पूर्वेला तांबडं फुटलं आणि मला त्या झाकणाचं दर्शन घडलं. एका वाडीतल्या चुलींचा धूर सरळ वर चढत होता आणि चिंचेच्या शेंड्याएवढ्या उंचीवर पोचला की एकदम आडवा होऊन दोन्ही बाजूंना पसरत होता. कुणी वर काचेचं तावदान धरावं तसा. गाडी थांबवून मी आत्याला दाखवलं. ती बघत राहिली. म्हणाली, "असाच रायते थंडीत. धूर बसला का समजाचं, ऊन उशिरा."

वैमानिकही या उन्हाचीच वाट बघतात. बिरसीला विमान चालवायला शिकणारी मुलं-मुली असतात. त्यांची छोटी विमानं एरवी आमच्या डोक्यावरून घिरट्या घालताना दिसतात. नजरेच्या भरवशावर उडायचं तर साधारणपणे निदान ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं, म्हणून धुक्याच्या सकाळी ती जमिनीवरच असतात. मोठ्या प्रवासी विमानाला यंत्रांची मदत असते. तरीही उतरण्याच्या साध्या यंत्रणेवर धावपट्टीवरची दृश्यता ५५० मीटरच्या खाली गेली की उतरता येत नाही. त्या सकाळी गोंदिया ओलांडताना आभाळात एकही घरघर नव्हती. मला त्या मुलांची आठवण आली ती आणखी एका कारणानं. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेलं एक शिकाऊ विमान आमच्याच जिल्ह्यात किरनापूर-लांजीकडच्या डोंगरात कोसळलं. शिकवणारा आणि शिकणारी, दोघंही गेले. तेव्हापासून वर घरघर ऐकू आली की मी अंगणात येऊन ते विमान नजरेआड होईपर्यंत बघते.

तिरोड्यानंतर ऊन आलं. शेतात धान कधीच निघालेलं, त्याच्या धसकटांतून लाखोळी वर आलेली आणि तिची निळी फुलं दवानं भिजलेली. आमच्याकडे उभ्या धानातच लाखोळी टाकतात. धान कापलं की खालची ओल तिच्या कामी येते. तीच ओल रात्री धुकं होते. माडगीपाशी दुसऱ्यांदा वैनगंगा लागली. नदीच्या पात्रात नृसिंहाचं देऊळ. पाण्यावर आता फक्त वाफेचे दोन-चार तुरे होते. आत्यानं हात जोडले. काल संध्याकाळी घराजवळ ओलांडली ती नदी इथं पुन्हा भेटली, याचा तिला फार आनंद झाला. तीन वर्षांपूर्वी मीही याच पुलावरून गेले होते, पण त्या रात्री पुलाचा कठडासुद्धा मला दिसला नव्हता.

भंडाऱ्याला नाश्ता करून अकराच्या सुमाराला आम्ही सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर पोचलो.

या विमानतळाला रात्रीचा एक मोठा इतिहास आहे आणि तो मला सासऱ्यांकडून कळला. ते टपाल खात्यात होते. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि देशाच्या मध्यावर, नागपुरात, मध्यरात्रीनंतर चारही एकत्र यायची. तिथं टपालाच्या थैल्या आणि प्रवासी अदलाबदल व्हायचे आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला मिळायचं. ही सेवा १९७० च्या दशकापर्यंत चालली. सासरे सांगायचे, की त्या काळी नागपूरचा विमानतळ दिवसा झोपायचा आणि रात्री जागा असायचा. त्या विमानांची वेळ प्रवाशाच्या सोयीसाठी ठरलेली नव्हती. ती पत्रांसाठी होती. माणसं थैल्यांच्या जोडीनं जायची.

मला वाटतं, ते अजून पुरतं बदललेलं नाही. वेळापत्रक कुणाच्या तरी सोयीनं ठरतं, आणि ती सोय बहुतेक वेळा आपली नसते. विमान जमिनीवर उभं राहिलं की तोटा, म्हणून एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. नागपूरला रात्रभर मुक्कामाला असलेलं विमान सकाळी वेळेवर सुटण्याची शक्यता जास्त. पण दिल्लीहून येऊन पुढे पुण्याला जाणारं असेल, तर दिल्लीचं धुकंही आपल्या तिकिटात असतं. संध्याकाळपर्यंत तर दिवसभरातले सगळे उशीर त्याच्या अंगावर साचलेले असतात. म्हणून मी हल्ली तिकीट काढताना आधी विचारते, हे विमान येतं कुठून? पुण्याचं तर आणखी वेगळं. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. २०२० च्या ऑक्टोबरपासून जवळपास वर्षभर दुरुस्तीसाठी ती रात्री आठ ते सकाळी आठ बंद होती आणि पुढच्या ऑक्टोबरात दोन आठवडे पूर्ण बंद. त्या काळात पुण्याला रात्री उतरायचा प्रश्नच नव्हता. तिकडे जर्मनीत फ्रँकफुर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणं होत नाहीत, आसपासच्या वस्त्यांना झोप मिळावी म्हणून. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. लोकांच्या झोपेला कुठंतरी किंमत आहे. आपल्याकडेही वैमानिकांच्या झोपेचा विचार आता नियमात आला आहे. नव्या नियमांत त्यांच्यासाठी रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली, रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा आली आणि आठवड्याला सलग ४८ तासांची विश्रांती. प्रवाशाच्या झोपेचा नियम मात्र कुणी करत नाही. तो घरच्यांनीच करायचा.

आमचं विमान वीस मिनिटं उशिरा, दीडच्या पुढे उडालं. आत्याला मी खिडकी दिली. विमान धावू लागलं तशी तिनं माझं मनगट धरलं, चाकं सुटली तेव्हा आणखी घट्ट, आणि मग हळूहळू बोटं सैल झाली. खाली नागपूर लहान होत गेलं. थोड्या वेळानं एक रुंद नदी चमकली. "वैनगंगा?" तिनं विचारलं. ती वर्धा होती. आपली नदी मागे राहिली, हे कळल्यावर ती काही वेळ गप्प बसली.

दुपारच्या उड्डाणाचे दोष मला माहीत आहेत. ऊन डोक्यावर आल्यावर डोंगरांना सावली उरत नाही, म्हणून वरून सगळा मुलूख सपाट, फिकट दिसतो. आणि तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात, त्यात विमान हलतं. जानेवारीत हे कमी, मे महिन्यात फार. विदर्भात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी दोन-तीनची हवा उकळत्या पातेल्यासारखी असते. गरम हवा विरळ, तिच्यात पंखांना आधार कमी, विमानाला जास्त लांब धावावं लागतं. त्याच महिन्यात संध्याकाळी वादळी ढग उभे राहतात. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी पुण्याहून परतताना नागपूरच्या अलीकडे आम्ही पाऊण तास घिरट्या घालत होतो. खिडकीबाहेर ढगाच्या पोटात वीज लखलखत होती आणि पलीकडच्या रांगेतलं एक लहान मूल आईच्या कुशीत तोंड खुपसून होतं. उतरल्यावर पुढे रात्रीचा बालाघाटचा रस्ता होताच.

म्हणजे जी पहाट जानेवारीत वैरीण, तीच मे महिन्यात सर्वांत चांगली. रात्रभरात जमीन निवलेली असते, ढग विरलेले असतात, हवा तळ्यातल्या पाण्यासारखी स्थिर. त्या दिवसांत मी आदल्या दिवशी दुपारीच नागपूर गाठते, नात्यातल्या कुणाकडे मुक्काम करते आणि सकाळचं पहिलं विमान धरते. पावसाळ्यातही सकाळ बरी, कारण तेव्हाही गडगडाटी ढग बहुधा दुपार उलटल्यावरच वाढतात. मात्र वाघ नदीला पूर आला आणि राजेगावचा रस्ता अडला तर काय करायचं, याचा विचार आदल्या दिवशीच केलेला बरा.

पुण्याला सूर्य मावळायच्या आत आम्ही घरी होतो. आत्यानं उंबऱ्यावर आधी चिन्नोरची पिशवी ठेवली, मग पाय धुतले. रात्री जेवून नेहमीच्या वेळेला गोळी घेऊन झोपली. तिचा मुलगा मला म्हणाला, "ताई, ती थकलेलीच दिसत नाही गं." त्याच्या स्वरात समाधान होतं आणि थोडा अपराधीपणाही. त्यानं स्वस्त तिकीट सुचवलं ते वाईट मनानं नव्हे. पुण्यात विमानतळ घरापासून चाळीस मिनिटांवर असला की पहाटेचं विमान म्हणजे खरोखरच पहाटेचं विमान असतं. तिकडून इकडची रात्र दिसत नाही.

परतीला म्हणूनच आम्ही सकाळी आठचं विमान धरलं. मुलानं साडेपाचला सोडलं, आत्याची झोप झालेली. यावेळी डावीकडची खिडकी घेतली, म्हणजे उगवतीचं ऊन डोळ्यांत येत नाही. तिरप्या उन्हात डोंगरांच्या सावल्या लांबवर पडल्या होत्या. प्रत्येक सोंड, प्रत्येक घळ कोरून काढल्यासारखी उठून दिसत होती. आत्या काचेला कपाळ टेकवून बसली होती. "जाताना तं असं काही नव्हतं," ती म्हणाली. डोंगर तेच असतात, ऊन तिरपं पडलं की दिसतात, असं मी तिला सांगितलं. नागपूरला धुकं नुकतंच उठलं होतं, पण आमचं विमान उतरेपर्यंत वाट मोकळी झाली होती. दुपारी अडीचला आम्ही पुन्हा राजेगावच्या पुलावर होतो, आणि आता खाली वाघ नदी होती, वाळूतून वाहणारी, स्वच्छ.

पुण्या-मुंबईत, बंगळूरात किंवा परदेशात राहणाऱ्या आणि गावाकडच्या आई-वडिलांची तिकिटं फोनवरून काढणाऱ्या मुला-मुलींना माझं एवढंच सांगणं आहे. तिकीट पक्कं करायच्या आधी एकदा घरी फोन लावा आणि आत्यानं विचारलं तेच विचारा, घरातून किती वाजता निघावं लागेल? उत्तर रात्री दहा ते पहाटे चारच्या मधलं आलं, तर ते तिकीट काढू नका.